शांतवन, फोन मीच केला होता

शांतवन, तुला जाऊन दहा दिवस झाले आणि तेवढ्यात मी तुझ्याविषयी दोनदा खोटं बोललो. एकदा हवालदारापुढे, एकदा मार्थावहिनींपुढे. दोन्ही खोटं एकसारखं असतं तर एक वेळ चाललं असतं. हवालदाराला सांगितलं की तू माझ्याकडेच निघाला होतास, नेहमीसारखा, सहज. वहिनींना सांगितलं की तू घरून निघालायस हेच मला ठाऊक नव्हतं. गेवराईच्या कोर्टात पस्तीस वर्षं मी लोकांच्या जबाबांतली विसंगती काढून पोट भरलं, आणि माझ्या तोंडून दोन दिवसांत दोन जबाब निघाले. दुसरा कुणी असता तर पिंजऱ्यात उभा करून मी त्याची सालटी काढली असती.

खरं काय ते आपल्या दोघांनाच ठाऊक आहे असं मी धरून चाललो होतो. म्हणजे आता एकालाच. तिसऱ्यांदा काय बोललो ते शेवटी सांगतो, आधी तू गप्प बसून ऐक. तसा तू गप्प बसायचासच, मीच बोलायचो.

त्या गुरुवारी साडेअकराच्या सुमारास फोन वाजला. स्क्रीनवर तुझं नाव. मी उमापूरला घरी ओसरीवर बसलो होतो, चहाचं आधण ठेवायला सांगून अर्धा तास झाला होता. उचलला आणि तू बोलायच्या आत म्हणालो, "कुठं मेलास बे?"

पलीकडून अनोळखी आवाज आला, "साहेब, ह्या फोनवाल्याचे तुमी कोन?"

फाट्यावरचा टपरीवाला होता. फोनमध्ये सगळ्यात वर माझा नंबर दिसला म्हणून त्याने मला लावला होता. उसाच्या ट्रॅक्टरची मागची ट्रॉली वळणावर कलंडली, तुझी मोटरसायकल नेमकी बाजूला होती, असं काहीतरी तो सांगत होता. आणि मी काय केलं असेल? मी त्याची उलटतपासणी घेतली. कशावरून तो शांतवन? गाडीचा नंबर काय? सदरा कुठल्या रंगाचा? तो बिचारा एकेक सांगत होता आणि मी म्हणत होतो, फोन चोरीला गेला असेल, गाडीही चोरीची असेल, तो चोर असेल. शेवटी तो म्हणाला, "साहेब, डाव्या भुवईवर जुना वण हाय." तो वण मी पाडलेला. सहावीत, तुझ्या चकलांब्याच्या शाळेमागे, माझी विटी लागून. मग मी उलटतपासणी थांबवली आणि गाडीची किल्ली उचलली.

दवाखान्यात पोचलो तेव्हा तू पांढऱ्या चादरीखाली होतास. पंचनाम्याला पंच पाहिजे होते, हवालदाराने माझ्याकडे पाहिलं. आयुष्यभर मी पंचांना फाडलंय, तुला माहीत आहे. कोऱ्या कागदावर सही केली, जागेवर गेलाच नाहीत, सगळं विचारून विचारून त्यांना रडवलंय. त्या दिवशी मी तुझा पंच झालो. हवालदाराने लिहिलं, अंगात पांढरा सदरा. मी म्हणालो, पांढरा नाही, मोतिया. तो म्हणाला, साहेब, पांढराच लिहू द्या. मी हट्टाला पेटलो. माझा मित्र मरून पडलाय आणि मी सदऱ्याच्या रंगावर भांडतोय. मोतिया लिहिल्याशिवाय मी सही केली नाही. आणि केली ती अशी आली की माझी आहे हे मलाच कोर्टात सिद्ध करता येणार नाही.

अजून माझा विश्वास बसत नाही. मूठमाती मी स्वतः दिली, माझ्या नखात ती माती दोन दिवस होती, तरी नाही. काल दुपारी रस्त्यावर मोटरसायकलचा आवाज आला आणि मी खुर्ची सरकवली.

तुझ्या शास्त्रावरून चाललेल्या आपल्या वादाला सुरुवात कधी झाली, यावरही आपलं एकमत नव्हतं. तू म्हणायचास, बारावीला. मी म्हणतो, मी वकील झाल्यावर. काही असो, तुझ्या आईने मला बायबलचा एक छोटा नवा करार दिला होता, तिला वाटलं पोरगं वाचेल. पोरगं वाचायला लागलं, पण पेन्सिल घेऊन. जिथे जुळत नाही तिथे खूण. नंतर जुना करारही तुझ्याकडूनच नेला. तुझ्या चर्चच्या मंडळीतल्या निम्म्या लोकांपेक्षा मी जास्त शास्त्र वाचलंय, शांतवन, आणि सगळं चुका शोधायला. हे तू पाळकसाहेबांना कौतुकाने सांगायचास. मला त्याचा राग यायचा. मी तुझ्याविरुद्ध तयारी करतोय आणि तू माझं कौतुक करतोयस.

तुझी उपासना सकाळी आटपायची. पाळकसाहेब महिन्यातून एकदा यायचे, बाकीचे रविवार तूच बोलायचास. दुपारी जेवून, थोडं पडून, तीन वाजता तू उमापूरला हजर. मी प्रश्न काढून ठेवलेलाच असायचा. तुझी एक रीत होती, तिचा मला सगळ्यात जास्त त्रास झाला. तू लगेच उत्तर द्यायचा नाहीस. "बघतो," म्हणायचास, चहा प्यायचास, शेतीचं बोलायचास, आणि पुढच्या रविवारी उत्तर घेऊन यायचास. मला ताबडतोब पाहिजे असायचं. साक्षीदाराला आठवडाभर वेळ दिला की तो तयार होऊन येतो, हे मी तुला शंभरदा सांगितलं.

यरीहोच्या वाटेवर बरे झालेले आंधळे आठवतात? मार्काच्या शुभवर्तमानात एक आंधळा, मत्तयाच्यात दोन. मी म्हणालो, एक की दोन, एवढं साधं मोजता येईना का यांना? पुढच्या रविवारी तू आलास आणि मला विचारलंस की काल गेवराईला कोण भेटलं. मी म्हणालो, सरपंच. तू म्हणालास, "त्याचा चुलता संगट व्हता. मी पाहिलं ना. त्याचं नाव कावून घेतलं न्हाई? खोटं बोललास का?" मी म्हणालो, असलं कोर्टात चालत नाही. तू विचारलंस, सगळे साक्षीदार शब्दाला शब्द सारखं बोलले तर कोर्टात काय म्हणतात. पढवलेले म्हणतात. हे मीच तुला केव्हातरी फुशारकीने सांगितलं होतं, आणि तू ते जपून ठेवलं होतंस.

पण तू मला पकडलंस ते अहज्याच्या वेळी. मी तो मुद्दा दोन महिने दाबून ठेवला होता. जुन्या करारातल्या राजांच्या पुस्तकात अहज्या गादीवर बसला तेव्हा बावीस वर्षांचा. त्याच करारातल्या इतिहासाच्या पुस्तकात बेचाळीस. आणि त्याचा बाप मेला तेव्हा चाळीसचा. म्हणजे पोरगा बापापेक्षा दोन वर्षांनी थोरला. मी अशी टाळी मारली की आतून माझी बायको बाहेर आली. तू नेहमीसारखा बघतो म्हणालास. मला वाटलं, आता हा काहीतरी ओढूनताणून आणणार.

पुढच्या रविवारी तू शाळेचं दाखल-खारीज रजिस्टर पाहून आला होतास. तू त्याच शाळेचा मुख्याध्यापक, तुला कोण अडवणार. आपल्या वेळच्या गुरुजींनी सगळ्या गावाची जन्मतारीख एक जून टाकली होती, शाळा उघडायच्या हिशेबाने, ते आपल्याकडे सगळ्यांनाच ठाऊक आहे. माझीही एक जून. पण माझ्या धाकट्या भावाच्या वेळी गुरुजी बदलले होते, नव्या गुरुजींनी माझ्या आईला विचारून त्याची खरी तारीख घातली. दिवाळीतली. वर्ष मात्र माझ्याच वर्षाचं. तू मान खाली घालून, अगदी अदबीने म्हणालास, "वकीलसाहेब, सरकारी कागदावर तुमच्या मायला पाच म्हयन्यात दोन लेकरं झाली. मग तुमची माय खोटी, तुमचा भाऊ खोटा, का तुमी न्हाईतच?" मग हसून म्हणालास की लिहिणाऱ्याची चूक आहे, उतरवून घेणाऱ्याने कुठेतरी आकडा चुकवला, आणि हे तू मान्य करतोस. "कागद चुकला म्हून मानूस न्हाई असं व्हत न्हाई, दिग्या."

मी म्हणालो, देवाचं पुस्तक आणि जिल्हा परिषदेचं रजिस्टर यात काही फरक ठेवशील की नाही? त्यावर तू थोडा वेळ खरंच विचारात पडलास. मग म्हणालास, हे बघावं लागेल. तो मुद्दा अजून माझ्याकडेच आहे. तू गेलास म्हणून मी तो सोडून दिला असं समजू नकोस.

आणि कधीकधी तू सरळ म्हणायचास, "न्हाई माहीत." योसेफाचा बाप मत्तयात याकोब आणि लूकात एली. तू मला दोन-तीन जणांची उत्तरं सांगितलीस, आणि शेवटी म्हणालास की तुझं तुलाच पूर्ण पटलेलं नाही. माझ्या हातात आलेला साक्षीदार असा आपणहून कबूल झाला की मला पुढे काय करावं ते कळायचं नाही. चिडचिड व्हायची. आज वाटतं, पस्तीस वर्षांत मी ज्यांना ज्यांना प्रश्न विचारले, त्यांत माहीत नाही असं न लाजता म्हणणारा तू एकटाच भेटलास.

माझी बायको गेली त्या वर्षी तू महिनाभर रोज यायचास. एकदाही शास्त्र काढलं नाहीस. मीच डिवचलं. म्हणालो, तुझा देव एवढा चांगला तर हे कसं झालं, दे उत्तर. तू म्हणालास, न्हाई माहीत, आणि उठून चुलीपुढे बसून भाकरी थापायला लागलास. जाड, कडेला कच्ची. मी ती खाल्ली. त्या महिन्यात तू मला जगवलंस, शांतवन, आणि मी तुला कधी तसं म्हटलं नाही. म्हणायला पाहिजे होतं.

आणखी एक म्हणायचं राहिलं. माझे वडील जिवंत होते तोवर तू ओसरीच्या आत कधी आला नाहीस. तुझा कप वेगळा होता, कोनाड्यात. पाटलाच्या घरची रीत, असं मी मनाला सांगायचो, आणि त्याच ओसरीवर बसून तुझ्या पुस्तकात काय जुळत नाही ते तुला दाखवायचो. माझ्या घरात काय जुळत नाही, ते तू एकदाही काढलं नाहीस. वडील गेल्यावर मी तुला आत बोलावलं, तू आलास, आणि तो कप कुठे गेला हेही विचारलं नाहीस. मी तो फोडून टाकला होता. तुला सांगायची लाज वाटली.

आता त्या दिवसाचं. तू पेन्शनच्या प्रतिज्ञापत्रासाठी कोर्टात आला होतास. काम झालं, आणि मी तुला वकिलांच्या खोलीत नेलं. तिथे सात-आठ जण रिकामे बसले होते. मला काय लहर आली कुणास ठाऊक. म्हणालो, चला, आज आमच्या मास्तरांची उलट घेतो. सगळे खुर्च्या ओढून बसले. मी उभा राहिलो, कोट सारखा केला. पुनरुत्थानाच्या सकाळी कबरेवर किती बाया गेल्या? एक, दोन, की तीन? दूत किती होते? एक की दोन? बसला होता की उभा होता? आत की बाहेर? तू काही समजावून सांगायला लागलास की मी म्हणायचो, "फक्त हो किंवा नाही, मास्तर." लोक हसत होते. तू एकदा माझ्याकडे पाहिलंस. मला दिसलं ते. मी तरी थांबलो नाही. हसणारे लोक समोर असले की मी थांबत नाही, हा माझा जुना रोग आहे. शेवटी मी म्हणालो, साक्षीदार गडबडला, आणि सगळ्यांनी बाकं वाजवली. तू उठलास, टोपी घातलीस, सगळ्यांना नमस्कार केलास आणि चहा न पिता गेलास.

पुढच्या रविवारी तू आला नाहीस. त्याच्या पुढच्याही नाही. तिसऱ्या रविवारी मी साडेतीनपर्यंत वाट पाहिली आणि मग कामवाल्या बाईवर उगाच डाफरलो.

गुरुवारी सकाळी मी फोन केला. माफी मागायला केला होता. हे मी आज लिहितोय, पण तेव्हा स्वतःशीही कबूल केलं नव्हतं. तू उचललास. मी म्हणालो, "कावून बे, जित्ता हाईस का?" तू म्हणालास, "हाय." माझ्या जिभेवर होतं, त्या दिवशी चुकलं माझं. अगदी टोकावर होतं. आणि तोंडातून निघालं, "त्या बायांचं काय झालं मग? मार्काच्यात भिऊन गप बसल्या, कुनालाच सांगितलं न्हाई. मत्तयाच्यात सांगायला पळाल्या. खरं कोनतं? उत्तर असंल तर आत्ता ये. न्हाईतर हारलो म्हन."

तू बघतो म्हणाला नाहीस. आयुष्यात पहिल्यांदा म्हणाला नाहीस. म्हणालास, "येतो. हुरडा निघालाय, घिऊन येतो."

आत्ता ये, असं मी म्हणालो. रविवारी ये म्हणता आलं असतं. संध्याकाळी ये म्हणता आलं असतं. ती ट्रॉली त्या वळणावर दिवसभर थोडीच थांबणार होती? मी त्या एका शब्दाभोवती दहा दिवस फिरतोय. रस्त्यावर मी पाहिला तो हुरडा, शांतवन. पिशवी फुटली होती, कोवळे हिरवे दाणे डांबरावर पसरले होते आणि एक शेळी ते खात होती. कुणी तिला हाकलत नव्हतं. मीही हाकललं नाही.

म्हणून मी खोटं बोललो. हवालदाराने विचारलं, कशासाठी येत होते, तर मी म्हणालो, सहज, आमची जुनी बैठक आहे. दुसऱ्या दिवशी दफन झालं, लोक पांगले, तेव्हा वहिनींनी विचारलं, ते तुमच्याकडेच येत होते ना, आणि मी म्हणालो, मला काहीच कल्पना नव्हती. शब्द तोंडातून बाहेर पडला आणि मी स्वतःच दचकलो. फोन पोलिसांनी परत दिला की त्यात माझा नंबर दिसणार, वेळ दिसणार. दुसऱ्याचे कॉल रेकॉर्ड मागवायचे अर्ज मी दर महिन्याला लिहितो. तरी बोललो. तू विचारशील, दिग्या, एवढा हुशार माणूस असं कसं बोलला? भ्यालो होतो. दुसरं कारण नाही. भ्यालेला माणूस आधी गप्प बसतो आणि विचारलं तर काहीही सांगतो, हे मी कोर्टात रोज पाहतो आणि रोज त्याला लबाडी म्हणतो.

चौथ्या दिवशी तुझ्या घरी प्रार्थना होती. संपल्यावर वहिनींनी मला बाजूला बोलावलं. म्हणाल्या, "भाऊजी, शेवटाला ते काई बोलले का, तेवढं मला इचारून सांगा. लोक एकेक काईबाई सांगत्यात. तुमाला इचारता येतं."

मी गेलो. आधी टपरीवाल्याकडे. तो म्हणाला, तू शुद्धीवर होतास आणि एवढंच बोललास, घरी एकदम सांगू नका. मग ट्रॅक्टरमागच्या टोळीतल्या एका बाईचा पत्ता काढला. वडवणीकडची आहे, ऊसतोडीला आलेली. फडात कोयता बाजूला ठेवून माझ्याशी बोलली. तिने तुझं डोकं मांडीवर घेतलं होतं. ती म्हणाली, "पानी मागितलं. मी पाजलं. दुसरं काईच बोलले न्हाईत." तिथे आणखी कोण होतं, असं विचारलं तर म्हणाली, कोनीच न्हवतं, मी एकलीच. टपरीवाला चार हातांवर उभा होता. तिने त्याला पाहिलंच नव्हतं. मग काळी-पिवळीचा ड्रायव्हर, ज्याने तुला दवाखान्यात नेलं. तो म्हणाला, एक शब्द नाही, नुसते ओठ हलत होते, प्रार्थना करत असतील.

तीन माणसं, तीन जबाब. माझ्या हाताला खाज सुटली असती एरवी. एकेकाला दहा मिनिटांत झोपवलं असतं. पण मी त्या फडात उभा होतो आणि माझ्या लक्षात येत होतं की यांतल्या कुणालाच खोटं बोलून काही मिळणार नाही. टपरीवाला पहिल्यांदा पोचला, मग फोन लावायला उठला. बाई नंतर आली, आणि ती तुझ्या तोंडाकडे सोडून कुठेच पाहत नव्हती. ड्रायव्हर सगळ्यात शेवटी आला. तिघांनाही तू खरोखर भेटलास. खोटं बोलणारा एकच होता, आणि तो त्यांना प्रश्न विचारत होता. तू हे मला इतकी वर्षं सांगत होतास. मला पटवून द्यायला तुला दुसरा मार्ग नव्हता का? मला राग आलाय तुझा. फडाच्या बांधावर बसून मी मोठ्याने रडलो आणि त्या बाईने मलाही पाणी दिलं.

काल संध्याकाळी चकलांब्याला गेलो. वहिनी अंगणात बसून ज्वारी पाखडत होत्या. मी समोर बसलो आणि तिघांचं सांगितलं, जसंच्या तसं. यांतलं कुठलं खरं, ते मी सांगितलं नाही. त्यांनीही विचारलं नाही. सूप खाली ठेवलं, पदराने तोंड पुसलं. घरी एकदम सांगू नका, हे त्यांनी दोनदा स्वतःशी म्हटलं. पाणी कुणी पाजलं, त्या बाईचं नाव काय, ते विचारून घेतलं. मग माझ्याकडे बघून म्हणाल्या, "आन् तुमचं?"

मी सांगितलं. सगळं. वकिलांची खोली, बाकं वाजवलेली, तीन रविवार, फोन, त्या बायांचा प्रश्न, आत्ता ये. दफनाच्या दिवशी तुम्हाला खोटं सांगितलं, हवालदाराला खोटं सांगितलं. सोमवारी ठाण्यात जाऊन पुरवणी जबाब देणार आहे, हेही सांगितलं. पुरवणी जबाबाची मी आजवर किती टिंगल केली ते तुला माहीत आहे.

वहिनी म्हणाल्या, "मला ठाव हाय."

मला समजलंच नाही. त्या म्हणाल्या, "त्यांला फोनवरचं ऐकू येत न्हवतं आता. स्पीकरवरच बोलायचे. मी हितंच व्हते, हुरडा निवडत."

मी विचारलं की मग तुम्ही त्या दिवशीच का बोलला नाहीत. त्या म्हणाल्या, "तुमी कवा सांगताव, ते बघत व्हते."

मी मान खाली घातली. विचारलं, राग आहे का. त्या म्हणाल्या, "हाय." आणि सूप पुन्हा हातात घेतलं. मला वाटलं, आता उठावं. तेवढ्यात त्या माझ्याकडे न बघता बोलल्या, "फोन ठिवला आन् हसले ते. तीन आठवड्यात पयल्यांदा. म्हनले, दिग्याला माफी मागाया जमंना, म्हून सवाल इचारतोय. बांध हुरडा, जातो."

शांतवन, तुला कळलं होतं. मी जे बोललो नाही ते तू ऐकलंस, आणि लगेच गाडीला किक मारलीस. दहा दिवस मला वाटत होतं की मी तुला डिवचून बोलावलं आणि तू चिडून निघालास. तू तर हसत निघालास. आता मी हे कसं सोसू ते सांग. तुला कळलं होतं ना, मग तू कशाला निघालास? फोनवरच म्हणायचं, दिग्या, तू ये. माझ्या दारात गाडी उभी होती. चूक माझी होती, यायचं मी होतं. एकदा म्हणायचं होतंस. मी आलो असतो.